बाळ हवंय, पण निवडून

पेडणे तालुक्यात परदेशी माणसाला कशासाठीच थांबावं लागत नाही. मोरजीला उतरला की भाड्याची दुचाकी तयार, हरमलला खोली तयार, आणि भाषेची अडचण येऊ नये म्हणून हॉटेलाची पाटी थेट रशियन लिपीत. जमीन विकत घ्यायला कायदा आडवा येतो खरा, पण किनाऱ्यावर कायदा कुठे कुठे आडवा पडून असतो ते आपण जाणतोच. २०२३ च्या जानेवारीपासून मोपाला विमानंही उतरू लागली, तेव्हा दाबोळीहून येण्याचा वेळही वाचला.

एकाच गोष्टीसाठी या पाहुण्याला वर्षानुवर्षं ताटकळत बसावं लागतं. त्या कामाला दलाल चालत नाही, "आमचो मनीस आसा थंय" म्हणणारा पंच उपयोगी पडत नाही, आमदाराच्या चिठ्ठीलाही किंमत नाही. ती गोष्ट म्हणजे मूल. भारतातलं मूल दत्तक घ्यायचं असेल तर युरोपातल्या दांपत्याला त्यांच्या देशातल्या संस्थेमार्फत अर्ज करावा लागतो, दिल्लीतल्या 'कारा'ची म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची ना-हरकत लागते, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, मग दोन्ही देशांचं जुळलं असं सांगणारं प्रमाणपत्र, मग मुलाचा पासपोर्ट, मग व्हिसा. मूल घरी गेल्यावरही दोन वर्षं अहवाल पाठवायचे: ते जेवतं का, शाळेत रमलं का, रडतं का.

एवढे कागद कशाला, असं विचारणाऱ्या गोमंतकीयाला स्मरणशक्तीची औषधं द्यायला हवीत. १९९१ मध्ये मडगावात फ्रेडी पीट्स पकडला गेला. अनाथ मुलांसाठी 'गुरुकुल' चालवणारा, शहराने दयाळू म्हणून डोक्यावर घेतलेला म्हातारा. त्या आश्रमातली मुलं तो परदेशी गिऱ्हाइकांपुढे ढकलत होता. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बालकायदा केला, मुलांसाठी वेगळं न्यायालय उभारलं. तेव्हा कुणी मूल मागायला आला की त्याच्याकडे आधी संशयाने पाहायचं, हे आम्ही फुकट शिकलेलो नाही.

देशानेही ते असंच शिकून घेतलं. परदेशी जाणाऱ्या मुलांचा बाजार मांडला गेला आहे, असं पत्र लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलाने १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. न्यायमूर्ती भगवतींनी त्या पत्राचीच याचिका केली आणि १९८४ मध्ये नियम घालून दिले: आधी देशातलं घर शोधा, ते नाही मिळालं तरच परदेश. १९९० मध्ये 'कारा' आली. २००३ मध्ये भारत आंतरदेशीय दत्तकाच्या हेग करारात सामील झाला. तरी पुण्यातल्या 'प्रीत मंदिर'ची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१० मध्ये सीबीआयला करावी लागलीच. कुलूप घट्ट का, हे चोरीची यादी वाचल्यावर कळतं.

आता या दारापुढे उभ्या असलेल्या दांपत्याकडे वळू. तुमच्या डोळ्यांपुढे सोनेरी केसांची बाई आणि लाल झालेला बाप्या आला असेल, तर ते चित्र पुसून टाका. समजा, तो डिचोलीचा आहे आणि ती पेडण्याची. नावं देत नाही. दोन्ही तालुक्यांत असे इतके आहेत की कुठलंही नाव घातलं तरी चार घरांतून फोन येतील.

तो खाणीवर होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या. दारातला ट्रक गंजला, बँकेचा हप्ता मात्र ताजाच राहिला. आजोबा १९६१ च्या मुक्तीआधी जन्मलेले. त्यांचा जन्म पोर्तुगालच्या दफ्तरात चढवला, मग बापाचा, मग याचा. लिस्बन कुठल्या दिशेला आहे ते न विचारता हा पोर्तुगीज झाला आणि इंग्लंडात स्विंडनच्या गोदामात खोकी उचलू लागला. मुक्तिदिनाला भाषण ठोकणाऱ्या कित्येक घरांत हा पासपोर्ट कपाटात आहे. त्यावर मी हसणार नाही. पोट हसू देत नाही.

भारतीय पासपोर्ट गेला, ओसीआय म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं कार्ड आलं. ते येतानाही गोव्यातल्या अनेकांचं वेगळंच महाभारत झालं. पासपोर्ट परत केल्याचा दाखला आणा, असं सरकार म्हणायचं. आणि परत करायला गेलेल्याला तो रद्द केल्याचा आदेश हातात मिळायचा. शेवटी २०२४ मध्ये केंद्राने मान्य केलं की रद्द केल्याचा आदेशही चालेल. निवडणुका जवळ आल्या की सरकारला कधी कधी वाचता येतं.

तर असं हे जोडपं स्विंडनमध्ये बसून मूल दत्तक घ्यायचं म्हणतंय आणि ते 'आपल्याकडचं'च हवंय. कायद्याच्या लेखी आता हे आंतरदेशीय दत्तक. म्हणजे मये तळ्याच्या काठावर वाढलेला हा माणूस डिचोलीतल्या मुलासाठी परदेशी आहे. त्याच्या आजीला हे समजावून सांगायला मला बोलावू नका.

पण ही दोघं या दारापाशी पोचली कधी? इथे जरा थांबू, कारण खरी मजा इथेच आहे. दत्तक हा आपल्याकडे शेवटचा थांबा. त्याआधीचे सगळे थांबे घेत घेत गाडी जाते. पहिला थांबा देऊळ. म्हापशाच्या बोडगेश्वराला नवस, गावच्या देवीची ओटी, भटाचं गाऱ्हाणं, मूर्तीला पाकळ्या लावून घेतलेला प्रसाद. देवीचं एक बरं असतं: पाकळी उजवी पडो की डावी, निकाल तासाभरात हातात येतो. दुसरा थांबा खासगी दवाखाना, जिथे निकाल लागत नाही पण पावती लागते. तिसरा थांबा आता सरकारनेच बांधला आहे. बांबोळीच्या गोमेकॉत म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात टेस्ट ट्यूब बाळाचे उपचार फुकट करणारं पहिलं राज्य म्हणून गोव्याने २०२३ मध्ये पाठ थोपटून घेतली. त्या योजनेला माझा विरोध नाही. गरिबाला तेवढं तरी मिळू दे. पण त्याच इमारतीत 'मूल दत्तकही घेता येतं, चौकशी इथे करा' अशी एक पाटी लावायला किती निविदा काढाव्या लागतात, हे मला आरोग्य खात्याकडून जाणून घ्यायचं आहे.

शिवाय गोव्यात आणखी एक थांबा होता, तो बाकीच्या देशाला माहीत नाही. १८८० सालच्या १६ डिसेंबरला पोर्तुगीज सरकारने गोव्यातल्या हिंदूंच्या रीतिरिवाजांचा हुकूमनामा काढला. बायको पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूल झालं नाही तर नवऱ्याला दुसरी करण्याची मुभा त्यात आहे. तिशीपर्यंत मुलगा झाला नाही तरीही आहे, काही अटींवर. दोष कुणाचा, हे तपासायची गरज तेव्हाच्या गव्हर्नराला वाटली नाही आणि रीतिरिवाज सांगायला गेलेल्या आपल्या बाप्यांनाही वाटली नाही. ती सोय आज कुणी वापरत नाही, असं वकील सांगतात. वापरत नाही तर पुस्तकात कशाला ठेवली आहे, असं विचारलं की वकील घड्याळ बघतात. २०२१ मध्ये सरन्यायाधीश शरद बोबडे पर्वरीत उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आले तेव्हा गोव्याच्या समान नागरी कायद्याचं भरभरून कौतुक करून गेले. टाळ्या पडल्या. हे पंचविशीचं कलम त्या दिवशी कुणी वाचून दाखवलं नाही. समारंभाला शोभलं नसतं.

याच समान नागरी कायद्याच्या मूळ ग्रंथात, १८६७ च्या पोर्तुगीज संहितेत, दत्तकाचा पत्ताच नाही. हिंदूंना दत्तक मिळतो तो त्या १८८० च्या हुकूमनाम्यातून. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा गोव्याला लागू झालेला नाही. तो लागू आहे महाराष्ट्रातल्या दोडामार्गला. डिचोलीहून दोडामार्ग जेमतेम अर्ध्या तासावर. मधे सीमेवर एक नाका आणि अर्थातच दारूची दुकानं. नाक्यापलीकडचं हिंदू जोडपं नातलगाचं मूल १९५६ च्या कायद्याने दत्तक घेतं, अलीकडचं जोडपं एकोणिसाव्या शतकातला कागद शोधतं. ख्रिस्ती आणि मुसलमान गोंयकारांना तर तो कागदही नव्हता. सगळ्यांना एकाच दारातून आत घेतलं ते बाल न्याय कायद्याने. समानता शेवटी आली ती दिल्लीहून, आणि तीही अनाथ मुलांच्या निमित्ताने.

तर हे सगळे थांबे घेत आमचं जोडपं दत्तकाच्या दारापाशी पोचलं ते चाळिशी ओलांडून. आणि तिथे बेरीज आहे. नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या वर गेली तर दोन वर्षांखालचं मूल मिळत नाही. चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ९०, आठपर्यंत १००, त्यापुढे ११०. देवळात आणि दवाखान्यात घालवलेली वर्षं कुठे जमा झाली असं ज्यांना वाटत होतं त्यांना ती इथे सापडतात.

बेरीज जुळली तर रांग आहे. आकडे साधेच आहेत, पण पुन्हा पुन्हा सांगायला हवेत. २०२५ च्या मध्यावर देशात दत्तक मुलासाठी थांबलेली दांपत्यं आणि एकेकटे पालक होते ३६ हजारांहून जास्त. कायद्याने दत्तकासाठी मोकळी झालेली मुलं अडीच हजारांच्या आसपास. सरासरी थांबण्याचा काळ साडेतीन वर्षं. २०२४-२५ या वर्षात ४,५१५ मुलं घरी गेली, आणि तो बारा वर्षांतला उच्चांक म्हणून सरकारने मिरवला. त्यातली ४,१५५ देशात राहिली. उरलेली ३६० परदेशी गेली.

या रांगेत उभ्या असलेल्यांची स्वतःची बोली तयार झाली आहे. "नंबर किती झाला?" "रेफरल आलं?" "होम स्टडी संपली, पुन्हा करावी लागणार." गृहभेटीचा हा अहवाल तीन वर्षं चालतो आणि रांग साडेतीन वर्षांची आहे, हा हिशेब ज्याने केला त्याला गणिताचा नाही, विनोदाचा पुरस्कार द्यायला हवा. 'कारा'च्या पोर्टलवरचा ज्येष्ठता क्रमांक सकाळी उठल्यावर आधी बघायचा, मग दात घासायचे. रेफरल आलं की मूल राखून ठेवायला अठ्ठेचाळीस तास. वर्षानुवर्षं न वाजलेला फोन नेमका पाळी गावच्या जत्रेत रेंज नसताना वाजतो.

मुलं इतकी कमी कशी, हा प्रश्न रास्त आहे. रस्त्यावर तर दिसतात. पण रस्त्यावरचं मूल आणि दत्तकाला मोकळं झालेलं मूल यांच्यात बाल कल्याण समिती उभी असते, आणि ती उभी असायलाच हवी. टाकून दिलेल्या मुलाचा फोटो वर्तमानपत्रात छापतात, आई-बाप शोधतात. दोन वर्षांखालचं मूल असेल तर दोन महिने, मोठं असेल तर चार महिने. आईने स्वतः सोपवलेलं असेल तर तिला पुन्हा विचार करायला दोन महिने. त्या छोट्या जाहिराती आपल्या पेपरातही येतात. भविष्य आणि स्थळांच्या मधे कुठेतरी. आपण भविष्य वाचतो. आश्रमात वाढणाऱ्या कित्येक मुलांचे नातलग असतात, ते घेऊन जात नाहीत आणि सोडूनही देत नाहीत. अशा मुलांची मोजणी करा, प्रत्येक जिल्ह्यात दत्तक संस्था नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या नोव्हेंबरात राज्यांना सुनावलं. राज्यं मोजणीत जरा मंद असतात, मतदारयादी सोडून.

आता स्विंडनची परीक्षा पाहा. तिथली समाजसेविका घरी येते, पुन्हा येते, आणखी एकदा येते. तुमचं बालपण कसं गेलं? बापाने मारलं होतं का? तुम्ही दोघं भांडता कशावरून? मग भांडण मिटतं कसं? मुलाला शाळेत वर्णावरून कुणी चिडवलं तर काय कराल? डिचोलीच्या गड्याला आयुष्यात हे कुणी विचारलेलं नसतं. लग्न ठरताना पत्रिका बघितली होती, कुंडलीतला मंगळ तपासला होता. रागाबद्दल कुणी चौकशी केली नव्हती. पहिल्या भेटीत तो चिडतो. तिसऱ्या भेटीपर्यंत बायकोला कळतं की आपल्या नवऱ्याला सासऱ्याच्या पट्ट्याची अजून भीती वाटते. माझ्या मते ही परीक्षा दत्तकवाल्यांपुरती ठेवणं हा अन्याय आहे. पोटी मूल जन्माला घालणाऱ्यांचीही घ्यावी. लोकसंख्येचा प्रश्न आठवडाभरात सुटेल.

गावातली होम स्टडी मात्र वेगळी. तीत घर बघत नाहीत, मूल बघतात. "कोणाचं?" हा पहिला प्रश्न. "जात कळली?" हा दुसरा, आवाज खाली आणून. "रंग बरा आहे ना?" तिसरा. चौथा प्रश्न प्रश्न नसतो, सल्ला असतो: "सांगू नका हं त्याला कधी." पोर्टलवर मूल मागताना वय, लिंग, राज्य यांची पसंती नोंदवता येते, जातीची येत नाही. तो रकाना गावाने स्वतःजवळ ठेवून घेतला आहे.

एका बाबतीत मात्र जुन्या लोकांना धक्का बसेल. आपल्या देशात दत्तक जाणाऱ्यांत गेली कित्येक वर्षं मुली जास्त आहेत. समाज सुधारला, असं म्हणत मिठाई वाटण्याआधी दुसरी बाजूही बघा. टाकल्या जाणाऱ्यांतही मुलीच जास्त.

आणि आता त्या ३६० मुलांकडे येतो. आपल्याकडचा देशभक्त दर सहा महिन्यांनी एकदा खवळतो: "आपली मुलं परदेशात पाठवतात! इथे आपली माणसं रांगेत मरताहेत!" फार योग्य संताप, फक्त पत्ता चुकलेला. कायदा सांगतो की मूल मोकळं झाल्यापासून साठ दिवस ते देशातल्या आणि अनिवासी भारतीय पालकांसाठीच असतं. साठ दिवसांत इथलं कुणी पुढे आलं नाही तरच परदेशाचं दार उघडतं. तिथेही ओसीआय कार्डवाले गोऱ्यांच्या आधी. अपंग मुलं, एकत्र वाढलेली भावंडं आणि पाच वर्षांवरची मुलं यांना परदेशी पाठवताना प्राधान्य द्यावं, असंही कायद्यातच लिहिलं आहे. कारण कायदा करणाऱ्यांना आपण माहीत आहोत.

म्हणजे गोरा माणूस आपल्या रांगेत घुसत नाही. आपण ज्या मुलाला बघून पान उलटलं, त्या पानावर तो थांबतो. दुभंगलेल्या ओठाचं मूल. तिरळ्या डोळ्याचं. हृदयाला छिद्र असलेलं. सातव्या महिन्यात जन्मलेलं आणि अजून वजन न धरलेलं. आठ वर्षांची बहीण आणि तिने बोट न सोडलेला पाच वर्षांचा भाऊ. यातलं निम्मं-अधिक शस्त्रक्रियेने, औषधाने किंवा नुसत्या दोन वेळच्या जेवणाने सुधारतं, हे कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगेल. पण ३६ हजारांतल्या बहुतेकांनी अर्ज भरताना 'तान्हं, निरोगी' एवढंच लिहिलेलं असतं.

या मुलांसाठी वाट बघणाऱ्या परदेशी घराची गंमत वेगळीच असते. इथल्या पालकांना पसंती कळवली की आदेश येईपर्यंत मूल घरी नेता येतं, सांभाळ म्हणून. परदेशातल्यांना सहसा कागद पुरे होईपर्यंत थांबावं लागतं. भिंतीवर फोटो. फोटोत मूल रांगतंय, दुसऱ्या फोटोत उभं राहिलंय, तिसऱ्यात दात पडलाय. आदेश २०२२ च्या सप्टेंबरापासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, दोन महिन्यांत द्यावा असा नियम आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे पूर असतो, निवडणूक असते, मंत्र्यांचा दौरा असतो, भूखंड असतात. मुलाच्या फाइलीला दौरा नसतो.

जगातली दारंही एकेक बंद होत चालली आहेत. चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तक जवळजवळ थांबवलं. तीसेक वर्षांत तिथून दीड लाखांहून जास्त मुलं बाहेर गेली होती. डेन्मार्कमधली एकमेव संस्था त्याच वर्षी बंद झाली. दक्षिण कोरियात सत्यशोधन आयोगाने २०२५ मध्ये सांगितलं की मुलांचे जन्मदाखले बदलले गेले, आई-बाप जिवंत असताना मुलं अनाथ ठरवली गेली. हे वाचून आपल्याकडच्या किचकट कागदांबद्दल थोडा आदर वाटायला हरकत नाही. घाईचा परिणाम तीस वर्षांनी मोठा होऊन दारात येतो आणि विचारतो, माझी आई कोण?

घाई नेहमी वाईटच ठरते असंही नाही. १९७९ च्या ऑगस्टात पुण्यात एक मुलगी जन्मली, ससून रुग्णालयाशी जोडलेल्या 'श्रीवत्स'मध्ये आली. हरेन आणि सू स्थळेकर हे जोडपं दत्तक मुलाच्या शोधात तिथे आलं. त्यांना खरं तर मुलगा हवा होता, असं सांगतात. जेमतेम तीन आठवड्यांची पोर घेऊन ते गेले. अमेरिका, केनिया करत सिडनीला स्थिरावले. पोरीचं नाव लिसा स्थळेकर. ऑस्ट्रेलियाची कर्णधार झाली, एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी घेणारी पहिली बाई ठरली, आणि २०१३ मध्ये मुंबईत विश्वचषक जिंकून निवृत्त झाली. तेव्हापासून दर वेळी आपले पेपर मथळा देतात: 'पुण्याची लेक'. टाकली तेव्हा ती कुणाचीच नव्हती. चषक हातात आला आणि पुण्याची झाली. उद्या तिरळ्या डोळ्याचा, डिचोलीच्या आश्रमातून इटलीला गेलेला एखादा पोरगा मोठा शास्त्रज्ञ होऊन परत आला, तर आपण त्याला गोंयकार म्हणून हार घालू आणि व्यासपीठावर सरपंचांना बसवू. त्याची फाइल साठ दिवस उघडी होती तेव्हा सरपंच कुठे होते, हे विचारायचं नाही.

आमच्या स्विंडनच्या जोडप्याचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. समजा म्हणून सुरू केलं होतं, तेव्हा शेवटही तुमच्या हातात आहे. तो मला विचारील तर मी एवढंच म्हणेन, की 'आपल्याकडचं' मूल हवं असेल तर 'आपल्याकडचं' हा शब्द थोडा रुंद कर. ती मला विचारील तर मी काही सांगणार नाही; तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण पेडण्यात आणि डिचोलीत, पर्वरीत आणि म्हापशात, रांगेत उभे राहून सकाळी आधी नंबर बघणाऱ्या बाकीच्यांना एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती कुठल्याच भाषणात येत नाही. विशेष गरजांच्या मुलांच्या यादीला ज्येष्ठता क्रमांक नसतो. नोंदणी आणि होम स्टडी पुरी झाली की ती यादी तुमच्याच खात्यात उघडते. साडेतीन वर्षं फक्त दुसऱ्या रांगेला लागतात.